आणखी एक भाषा सुरू करण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईंचा फोन आला होता. आवाज ऐकून मला वाटलं, तुझं लग्न ठरलं. पण तक्रार निघाली. फ्रिजवर, कपाटावर, मिक्सरवर जर्मन चिठ्ठ्या, त्याही लिंगाप्रमाणे तीन रंगांत. देवघराच्या दारावरची तेवढी आजींनी उपटून टाकली म्हणे. "मॅडम, हे बरं होतं का?" असं त्यांनी मला डॉक्टरला विचारावं तसं विचारलं.

होत नाही, असं सांगून टाकलं. दुभाषाचं काम सोडलं तरी जपानी माणसाचा फोन आला की मी अजून कमरेत वाकते. समोर भिंत असते. चाकणला कारखान्यात माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत, आम्ही एकमेकींना हसत नाही.

तुझी लक्षणं मला तोंडपाठ आहेत. फोनची भाषा रशियन करून ठेवलीस आणि आता ती बदलायची कुठून ते सापडत नाही. रिक्षात बसलीस की तुझा नकाशा फ्रेंचमध्ये डावीकडे वळायला सांगतो आणि "नागनाथ पार"चा असा काही उच्चार करतो की रिक्षावाले काका मागे वळून बघतात. शाम्पूच्या बाटलीवरचा मजकूर पाचही भाषांत वाचून होईपर्यंत गीझरचं पाणी गार. कोरेगाव पार्कात परदेशी जोडपं दिसलं की त्यांच्या मागून चालत राहतेस, कुठली भाषा ते ओळखू येईपर्यंत. ओळखू आली की रस्ता ओलांडून पळतेस. (हे शेवटचं लक्षात ठेव, त्यावर पुढे बोलायचंय.)

यातलं काहीच मला काळजीचं वाटत नाही. काळजी वाटते ती कोरियनची.

जर्मन बी-1 ला, म्हणजे मधल्या पातळीला आली, विशेषणांचे प्रत्यय आणि कर्मणी प्रयोग सुरू झाले, आणि नेमक्या त्याच महिन्यात तुला स्पॅनिशचा गोडवा कळला. स्पॅनिशमध्ये क्रियापदांची रूपं अंगावर यायला लागल्यावर जपानी. जपानीत कांजी, म्हणजे त्यांची चित्राक्षरं, साचत गेली तशी आता कोरियन. हंगुल लिपी चार दिवसांत वाचता येते, हे मलाही ठाऊक आहे. राजा सेजोंगने 1446 मध्ये ती जाहीर केली तीच मुळी सामान्य माणसाला पटकन शिकता यावी म्हणून. पण पाटी वाचता येणं निराळं आणि ती लिहिणाऱ्याशी भांडता येणं निराळं.

नवी भाषा पहिले तीन महिने फार लाड करते. नाव सांगितलंस तरी शिक्षक खूश, घरी टाळ्या, रोज काहीतरी नवीन येतंय असं वाटतं. बी-1 ला कोणी टाळ्या वाजवत नाही. आपण काय बोलतोय हे कळण्याइतकी भाषा आलेली असते, म्हणून आपण किती बाळबोध बोलतोय तेही कळतं. मराठीत नाटकावर तासभर वाद घालणारी तू तिथे "मला नाटक आवडले. ते छान होते." एवढ्यावर येतेस. हा अपमान सहन होत नाही, म्हणून माणसं भाषा बदलतात आणि त्याला आवड म्हणतात. परदेशी भाषा शिकवणाऱ्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात मी अशी हुशार मुलं खूप पाहिली. दरवर्षी नव्या वर्गात, पहिल्या बाकावर.

आता तुझी जपानीची परीक्षा. डिसेंबरला जेएलपीटी या परीक्षेची एन-4 पातळी देणार आहेस, जरूर दे. फक्त एक ध्यानात घे: त्या परीक्षेत बोलायचं नसतं, लिहायचंही नसतं. सगळे पर्याय निवडायचे प्रश्न. थेट एन-1 या सगळ्यात वरच्या पातळीपर्यंत असंच. त्यामुळे प्रमाणपत्र भिंतीवर आणि तोंडाला कुलूप, असे लोक पुण्यात पुष्कळ सापडतील. जर्मनच्या गोएथे परीक्षेत बोलण्याचे वेगळे गुण असतात, आणि तू ती पुढे ढकलत आलीस. का, ते तुला माहीत आहे.

दुसरं म्हणजे जपानी इंग्रजीतून शिकणं बंद कर. तुझ्या वहीत वाक्य आधी इंग्रजीत जातं, तिथे उलटं होतं आणि मग जपानीत परत सुलटं. कशाला? क्रियापद शेवटी, विभक्ती नामाच्या नंतर, "आईने केलेली भाजी" म्हणताना अख्खं वर्णन नामाच्या आधी, हे सगळं आपल्याकडे आहेच. कोणाशी किती आदराने बोलायचं याचा हिशेबही आपण लहानपणापासून करतो, त्यांचा जरा जास्त बारीक आहे इतकंच. मराठीतून गेलीस तर निम्मं व्याकरण आयतं मिळेल. जोयो या रोजच्या वापराच्या सरकारी यादीतली 2136 कांजी मात्र कुठूनही गेलं तरी 2136 च. रोज थोडी, त्याला इलाज नाही.

वेडाचं म्हणशील तर बोलोन्याचा मेझोफांती (1774–1849) तुझा पूर्वज शोभेल. इटली न सोडता डझनावारी भाषा बोलायचा. नेपोलियनच्या युद्धांत दवाखान्यात परदेशी जखमी सैनिक यायचे, तिथे हा पाद्री त्यांच्या खाटेशी बसून त्यांच्या भाषा शिकला. परदेशी माणूस दिसल्यावर रस्ता ओलांडून गेला नाही.

म्हणून तुझ्यासाठी एक काम बघितलंय. बाणेरला एक जपानी बाई राहतात, नवरा चाकणला. त्यांना मंडईत भाजी घ्यायची आहे आणि सोबत कोणीतरी हवं आहे. इंग्रजी त्यांना जेमतेमच येतं, म्हणजे तुला पळवाट नाही. घेवडा आणि गवार जपानीत कसं समजावतेस ते तुझं तू बघ, हातवारे चालतील. त्या फार विनम्र आहेत, तुझ्या चुका काढणार नाहीत. म्हणून "माझ्या चुका सांगा" हे वाक्य आधी पाठ कर.

शनिवारी सकाळी आठला, मंडईच्या गणपतीपाशी. गुरुवारपर्यंत मला हो की नाही कळव. आणि कोरियनची फी भरून झाली असेल तर ती पुढच्या बॅचला वळवून मिळते का, ते त्यांच्या ऑफिसात विचारून ठेव.

तुझी,
मॅडम