जुन्या पॅरिसच्या रस्त्यांवरची नटूनथटून निघालेली माणसं कोणत्या चित्रकाराने रंगवली?

तुम्ही म्हणताय ती चित्रं बहुधा झाँ बेरो (1849–1935) यांची असावीत. उंच काळ्या टोप्या, घोडागाड्या, जाहिरातींचे गोल खांब, वाऱ्यात झगा सावरत रस्ता ओलांडणारी बाई, असं काही दिसलं की पहिलं नाव त्यांचंच. जन्म रशियात, सेंट पीटर्सबर्गला. पण आयुष्य गेलं पॅरिसमध्ये. आधी कायद्याचा अभ्यास, मग लेओं बोना यांच्याकडे चित्रकला.

गंमत म्हणजे बेरोंनी एका घोडागाडीचाच स्टुडिओ केला होता. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायची आणि आत बसून येणारे-जाणारे टिपायचे! म्हणूनच कपड्यांची घडीन् घडी, ओल्या फरसबंदीवरची चकाकी इतकी खरी वाटते. 1889 चं ग्लोप मिठाईवाल्याच्या दुकानाचं चित्र तर जरूर पाहा, आरशांतली गर्दी बघत राहावीशी वाटते. त्यांची बरीच चित्रं पॅरिसच्या कार्नावाले संग्रहालयात आहेत.

चित्रात छत्र्या आणि पाऊस ठळक असेल, तर मात्र ते गुस्ताव कायबोत या दुसऱ्या चित्रकाराचं 1877 चं चित्र असू शकतं. ते शिकागोत आहे. चित्र म्हणून मला तेच जास्त आवडतं, पण त्या काळातलं पॅरिस बघायचं तर बेरोच.