बीजी-२ कपाशीत गुलाबी बोंडअळी का येते आणि फवारणी कधी करावी?

बीजी-२ म्हणजे जिवाणूच्या जनुकांमुळे स्वतःच अळीनाशक विष तयार करणारी बीटी कपाशी. तिच्यातल्या क्राय१एसी आणि क्राय२एबी या दोन्ही विषांना गुलाबी बोंडअळी आता दाद देत नाही, म्हणून ती बीटी कपाशीतही येते. आपल्याकडचे बहुतेक बीटी वाण संकरित आहेत. त्यामुळे त्यांच्या बोंडातल्या काही सरक्यांत विष असते, काहींत नसते. ही अळी सरकीच खाते, त्यामुळे अर्धवट विष पचवून तगलेल्या अळ्यांची पिढी वाढत गेली. त्यात बिगरबीटी आश्रय ओळी (अळीला विषाची सवय लागू नये म्हणून शेताच्या कडेने लावायच्या साध्या कपाशीच्या ओळी) फारशा कुणी लावल्या नाहीत, आणि फरदडीने (हंगाम संपल्यावरही शेतात राखलेल्या कपाशीने) तिला उन्हाळ्यापर्यंत खाद्य पुरवले.

फवारणी तारखेवर नको, मोजून करा. पीक ४५ दिवसांचे झाले की हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावा. पुढीलपैकी एक दिसले की फवारा:

- सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग
- १०० फुलांत १० डोमकळ्या (आत अळी असल्याने न उमललेली, गुलाबकळीसारखी मिटलेली फुले)
- २० हिरव्या बोंडांपैकी २ मध्ये अळी

डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करा. अळी बोंडात शिरल्यावर औषध पोहोचत नाही, त्यामुळे उशिराची फवारणी वाया जाते. मात्र सुरुवातीलाच सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके वापरू नका, पांढरी माशी उसळते. डिसेंबरअखेर शेत रिकामे करणे हाच सगळ्यात खात्रीचा उपाय.