जगप्रसिद्ध गोल्फ कोर्स त्यांच्या नावाला आणि फीला खरंच उतरतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मडगावला राहता, काणकोणच्या कोर्सवर नियमित खेळता, हँडिकॅप 22 (म्हणजे अठरा होलच्या फेरीत ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त लागतात). मेहुण्याबरोबर एकदाच मोठा खर्च करून नावाजलेल्या कोर्सवर खेळायचं आहे. स्कॉटलंडमधला सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स घ्यावा की कॅलिफोर्नियातला पेबल बीच? आणि यांचं जेवढं नाव आहे तेवढं ते देतात का?

ओल्ड कोर्सला जा. पेबल बीच या हँडिकॅपला आणि त्या भावात घेऊ नका. उलट सल्ला देणारे पुष्कळ भेटतील, म्हणून कारणं नीट सांगतो.

मोठ्या कोर्सच्या फीमध्ये तीन गोष्टींचे पैसे असतात: इतिहास, देखावा आणि जमीन. इतिहासाचं मोल ज्याचं त्यानं ठरवावं. देखावा पहिल्या तासात डोळ्यांत भरतो, पुढे सगळं लक्ष चेंडूकडे जातं. चार-साडेचार तास खेळाडूच्या सोबत राहते ती जमीन, म्हणजे चेंडू खाली पडल्यावर त्याचं पुढे काय होतं ते. ओलसर, भरपूर पाणी दिलेल्या कोर्सवर चेंडू पडतो तिथंच बसतो. तिथं उंच आणि लांब मारणाऱ्याचंच चालतं. 22 हँडिकॅपच्या खेळाडूचा फटका साधारणपणे बुटका आणि थोडा कमी पडणारा असतो. त्याला वाळूवरची कडक, कोरडी जमीन लागते, जिथं चेंडू घरंगळत पुढे जातो आणि ग्रीनपर्यंत, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीपर्यंत, जमिनीवरून पोचायचा रस्ता मोकळा असतो. हीच कसोटी कुठल्याही कोर्सला लावून बघा, किंमत वाजवी आहे की नाही ते बऱ्यापैकी कळतं.

ओल्ड कोर्स या कसोटीला पूर्ण उतरतो. पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) एकच आहे, त्यामुळे पहिल्याच फटक्याला एवढं मोकळं मैदान दुसरीकडे क्वचित मिळतं. उजवीकडे मात्र हद्द आहे, आणि ग्रीनच्या अगदी पुढ्यातून स्विलकन नावाचा ओढा जातो. नवखा खेळाडू पहिला फटका घाबरत मारतो, दुसरा जोर लावून मारतो आणि नेमका त्या ओढ्यात घालतो. तिथं एक क्लब (काठी) मोठा घेऊन ग्रीनच्या मागच्या भागावर उतरवणं हेच शहाणपण. कोर्सवर शंभराहून जास्त बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे आहेत आणि त्यांतले बरेच टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून दिसत नाहीत. एके काळी हा कोर्स उलट्या दिशेनंही खेळला जायचा, म्हणून काही बंकर आजच्या दिशेनं बघितलं तर उंचवट्यामागे लपलेले वाटतात. कॅडी (बॅग वाहणारा, वाट सांगणारा सोबती) घ्या असं मी आग्रहानं म्हणतो ते याचसाठी. फटका साधारणपणे डावीकडे ठेवावा हे कुणीही सांगेल, पण आजच्या वाऱ्यात किती डावीकडे, हे रोज त्या जमिनीवर चालणाऱ्यालाच कळतं.

ग्रीन प्रचंड आहेत. चौदा होलचे ग्रीन जोडीजोडीनं एकत्र आहेत, आणि जोडीतल्या होलच्या आकड्यांची बेरीज नेहमी 18 येते: दुसरा आणि सोळावा, पाचवा आणि तेरावा, असं. चेंडू ग्रीनवर आला तरी भोक तीस मीटरवर असू शकतं. म्हणून जाण्यापूर्वी ड्रायव्हरपेक्षा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबपेक्षा) लांब पटचा, म्हणजे ग्रीनवर चेंडू भोकाकडे घरंगळवायच्या फटक्यांचा सराव करा, वीस-पंचवीस मीटरचे, चढ-उतारावरचे. एका फेरीत पाच-सहा फटके तिथंच वाचतात.

आता फी. 2025 च्या उन्हाळी हंगामात ओल्ड कोर्सची फी 340 पौंड होती, म्हणजे अंदाजे चाळीस हजार रुपये. कॅडीचे पैसे वेगळे आणि ते रोख द्यायचे असतात, वर बक्षिसी देण्याची रीत आहे. इथं बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) मिळत नाही, वैद्यकीय कारण असलं तर गोष्ट वेगळी. चालत खेळायची तयारी हवी. कोर्स सार्वजनिक आहे, ट्रस्ट चालवतो, त्यामुळे सभासदाची ओळख लागत नाही. हँडिकॅपचा दाखला मात्र लागतो, मर्यादा 36. तो आपल्या क्लबकडून इंग्रजीत, अलीकडच्या तारखेचा घ्या.

टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, मिळण्याचा सर्वांसाठी खुला मार्ग म्हणजे सोडत. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या 48 तास आधी, कमीत कमी दोघांची नावं द्यायची. तुम्ही दोघं आहात, म्हणजे पात्र आहात. रविवारी कोर्स बंद असतो, त्या दिवशी गावातली माणसं तिथं फिरायला येतात. जून ते ऑगस्ट गर्दी फार, एका सोडतीत नंबर लागेलच असं धरू नका. म्हणून गावात चार-पाच दिवस राहायची योजना करा आणि रोज नाव द्या. एकट्यासाठी दुसरा मार्ग आहे: आदल्या दिवशी तिथं प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवायचं, मग दोन-तीन जणांच्या गटातली रिकामी जागा सोडतीनं मिळते. टी-टाइमची हमी देणारी पॅकेजं मूळ फीच्या कितीतरी पट महाग असतात. माझ्या मते ती घेऊ नयेत, कारण मग या कोर्सचा सगळ्यात मोठा गुण, म्हणजे वाजवी भावात कुणालाही खुला असणं, तोच हातातून जातो.

पेबल बीचचं गणित वेगळं आहे. 2024 मध्ये तिथली फी 675 डॉलर होती, कॅडीचे पैसे त्याच्यावर. आणि खरा खर्च याहून पुढे आहे: वेळ आधीपासून राखून ठेवायची तर त्यांच्याच हॉटेलात किमान दोन रात्री राहावं लागतं, तिथल्या मुख्य लॉजमध्ये एका रात्रीचं भाडं हजार डॉलरच्या वर जातं. बाहेर राहणाऱ्याला फक्त एक दिवस आधी, उरलेल्या जागांतून वेळ मिळते. गोव्याहून एवढ्या लांब जाऊन अशा भरवशावर कुणी राहू नये.

कोर्स चांगला नाही असं मुळीच नाही. चौथ्यापासून दहाव्यापर्यंत आणि सतरा-अठरा हे समुद्रकाठचे होल जगात गाजले ते योग्यच आहे. सातवा होल जेमतेम 106 यार्डांचा, उतारावरचा. वारा नसेल तर वेज (जवळच्या उंच फटक्याचा क्लब), समोरून वारा आला तर मधल्या आयर्नचा (मध्यम लांबीच्या क्लबचा) फटका. आठव्याला दुसरा फटका कड्याच्या दरीवरून पलीकडे न्यायचा असतो. पण अकरा ते सोळा हे होल आत वळतात, आणि तिथं तुम्ही त्याच भावात बऱ्यापैकी साधा कोर्स खेळता. ग्रीन अगदी लहान, सरासरी 3,500 चौरस फुटांच्या आसपास. 22 हँडिकॅपचा खेळाडू बहुतेक ग्रीन पहिल्या प्रयत्नात चुकवणार, मग रफमधून (कडेच्या वाढलेल्या गवतातून) उंच चिप, म्हणजे छोटा उचललेला फटका, मारायची, तीही लहानशा जागेत थांबवायची. त्यातून ग्रीनवरचं पोआ जातीचं गवत वसंतात तुरे धरतं आणि दुपारनंतर पृष्ठभाग खडबडीत होतो, छोटे पट भरकटतात. एक आकडी हँडिकॅपवाल्याला हीच गोष्ट आव्हान वाटेल. तुमच्या बाबतीत त्या साठेक हजार रुपयांतले निम्मे समुद्र बघण्यात जातील, आणि समुद्र तर आपल्याकडे फुकट आहे.

बाकीच्या मोठ्या नावांविषयी थोडक्यात. फ्लॉरिडातल्या टीपीसी सॉग्रासचा पाण्यातला सतरावा होल सगळ्यांना माहीत आहे. तिथं जमिनीवरून जायचा रस्ताच नाही, चेंडू पोचला तर पोचला. ऑगस्टा नॅशनल पैसे मोजूनही मिळत नाही, सभासदाचं बोलावणं लागतं. किंमत आणि दर्जा यांचा फारसा संबंध नाही याचा सगळ्यात चांगला पुरावा मात्र न्यूयॉर्कचा बेथपेज ब्लॅक. हा राज्य सरकारच्या उद्यानातला कोर्स. इथं 2002 आणि 2009 ची यूएस ओपन झाली, 2025 चा रायडर कप झाला. फी राज्यातल्या रहिवाशांना शंभर डॉलरच्या आत, बाहेरच्यांना साधारण दुप्पट. पहिल्या टीजवळ पाटीच आहे की हा कोर्स अत्यंत कठीण आहे, फक्त निष्णात खेळाडूंनीच खेळावा. ती पाटी खरी माना.

कुठल्याही कोर्सचे पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. पहिली, ग्रीनला भोकं पाडण्याचं काम कधी आहे. मुळांना हवा मिळावी म्हणून वर्षातून एक-दोनदा ग्रीनमधून मातीच्या बारीक कांड्या काढतात आणि वाळू भरतात. त्यानंतर आठवडा-दोन आठवडे चेंडू उड्या मारत जातो. फी मात्र बऱ्याच ठिकाणी तीच असते, आणि बुकिंग करताना हे आपणहून सांगतीलच असं नाही. दुबईला जाणार असाल तर हिवाळी गवत पेरण्याचं वेळापत्रकही विचारा.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन गटांमधलं अंतर किती मिनिटांचं आहे. आठ मिनिटांचं असेल तर खोळंबा ठरलेला. कारण चौघांचा गट पार-3 होल (तीन फटक्यांत संपणं अपेक्षित असलेला) दहाएक मिनिटांच्या आत संपवू शकत नाही. पहिल्या पार-3 लाच रांग लागते आणि ती शेवटपर्यंत सुटत नाही, फेरी साडेपाच तासांची होते. दहा-बारा मिनिटांचं अंतर ठेवणारा कोर्स कमी गट सोडतो, म्हणून महाग असतो, आणि तो महागपणा मला पटतो.

तिसरी, कुठल्या टीवरून खेळणार. साधा हिशोब: तुमचा ड्रायव्हर खरोखर जेवढा जातो त्याला 28 नं गुणा. 200 यार्ड जात असेल तर 5,600 यार्डांचा कोर्स तुमचा. मागच्या टीवर उभं राहिलात तर बऱ्याच पार-4 ना दुसरा फटका ग्रीनपर्यंत पोचत नाही, आणि आराखडा करणाऱ्यानं मांडलेला प्रश्न तुमच्यापर्यंत येतच नाही. चौथी, स्लोप रेटिंग, म्हणजे सामान्य खेळाडूला कोर्स किती अवघड जातो त्याचा आकडा. 113 हे प्रमाण धरतात. कोर्सचा स्लोप 145 असेल तर आपल्या हँडिकॅपला, 22 ला, 145 नं गुणून 113 नं भागा, 28 येतात. वर कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागतील असे धरलेले फटके) आणि पार (कोर्सचे ठरलेले फटके) यांतला फरक धरायचा. एवढे जादा फटके मिळणार हे आधीच माहीत असेल तर मन शांत राहतं.

सेंट अँड्र्यूजला गेलात तर एकाच फेरीसाठी जाऊ नका. त्याच ट्रस्टचा न्यू कोर्स 1895 चा आहे, तशाच वाळूच्या जमिनीवर, आणि फी ओल्ड कोर्सच्या निम्म्याहून कमी. काठाकाठानं पुढे एली नावाचं गाव आहे. तिथल्या कोर्सवर पहिल्या टीसमोर टेकाड येतं, पलीकडे गट दूर गेला का ते दिसत नाही, म्हणून टीजवळ पाणबुडीचा पेरिस्कोप उभा केला आहे, त्यातून बघून मगच फटका मारायचा. त्या कोर्सवर पार-5 एकही नाही. सोळा पार-4, दोन पार-3. लांब न मारणाऱ्याला यासारखा आनंद नाही. क्रेलचा बालकोमी कोर्सही त्याच वाटेवर आहे. सोडतीत नंबर लागला नाही त्या दिवशी इथं खेळा, सहल वाया जात नाही.

वेळ निवडताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नोव्हेंबर ते मार्च ओल्ड कोर्सच्या फेअरवेवर चटईच्या तुकड्यावर चेंडू ठेवून मारावा लागतो, फी कमी असली तरी ज्या जमिनीसाठी आपण जातो तीच पायाखाली मिळत नाही. आणि 2027 च्या जुलैत तिथं ओपन ही मोठी स्पर्धा आहे, म्हणजे त्याआधीचे काही आठवडे प्रेक्षकांचे स्टँड उभे राहतात आणि सोडतीतल्या वेळा कमी होतात. त्या वर्षी जायचंच तर सप्टेंबर बघा.

तयारी गोव्यातच होते. काणकोणचा राजबागचा कोर्स नऊ होलचा, दोन-दोन टी धरून अठरा होतात, आणि समुद्राला लागून असल्यामुळे दुपारनंतर खारं वारं चांगलं अंगावर येतं. बहुतेक जण सकाळी वारा पडलेला असताना खेळून घरी जातात. तुम्ही मुद्दाम दुपारी तीननंतर खेळा, वाऱ्यासमोर सात नंबरचा आयर्न अर्ध्या झोक्यानं, चेंडू खांद्याच्या उंचीखालून जाईल असा मारा. बाणावली आणि मोबोरच्या हॉटेलांतले छोटे कोर्स चिप आणि पटसाठी पुरेसे आहेत. सराव एप्रिल-मेमध्ये करा, जमीन कडक असते तेव्हा. पावसाळ्यात, अगदी चवथीपर्यंत, आपल्याकडे चेंडू पडतो तिथंच रुततो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत स्कॉटलंडचा हंगाम असतो. रुतलेल्या जमिनीची सवय घेऊन कडक जमिनीवर उतरलात तर प्रत्येक चिप ग्रीनच्या पलीकडे जाईल.

आणि सँड वेज (बंकरमधून चेंडू काढायचा क्लब) ग्रीनजवळ शक्यतो बॅगेतच ठेवा. त्याच्या तळाला दहा ते चौदा अंशांचा फुगवटा असतो. आपल्या मऊ गवतात तो मदत करतो, तिथल्या घट्ट, आखूड गवतावर मात्र क्लब जमिनीवरून उसळतो आणि पातं चेंडूच्या पोटात बसतं. ग्रीनच्या बाहेर तीस यार्डांपर्यंत, मध्ये बंकर नसेल तर, सरळ पटर घ्या. त्याहून लांब असेल तर आठ नंबरच्या आयर्ननं बुटका फटका मारून चेंडू घरंगळू द्या. मेहुण्यालाही हे आत्तापासून करायला लावा, म्हणजे तिथं पहिल्याच दिवशी दोघांनाही क्लब बदलताना कचरायला होणार नाही.