जुन्या मारुती जिप्सीत ९७० सीसी आणि १३०० सीसी यांत नेमका फरक काय? कोणती घ्यावी?

१९८५ ची मूळ जिप्सी ९७० सीसीची, चार गिअरची. १९९६ मध्ये जिप्सी किंग आली: १३०० सीसी इंजिन, पाच गिअर. २००० च्या सुमारास हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली, ताकद ८० बीएचपीपर्यंत गेली. घाटात हा फरक लगेच कळतो, म्हणून माझं मत एमपीएफआयलाच.

लॅडर चॅसी (शिडीसारखा लोखंडी सांगाडा), पुढेमागे पाट्यांच्या कडक स्प्रिंगा आणि लो रेंजचा (चढ-चिखलासाठी जास्त जोर देणाऱ्या गिअरचा) वेगळा दांडा मात्र शेवटपर्यंत तसेच राहिले. त्यामुळे पाठीला हादरे कुठल्याही मॉडेलमध्ये बसणारच. फोर व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नका, ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, ताण येतो.

घेताना गाडीखाली शिरून चॅसीचा गंज आधी बघा, विशेषतः कोकणातली गाडी असेल तर. इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेल्या चॅसीचं काम फार महागात जातं.