जुन्या जपानी तलवारीच्या मुठीतल्या भागावर काळा गंज आहे, तो घासून काढू का?

नाही, तो काळपट गंज अजिबात काढू नका, पॉलिश पेपरने नको आणि लिंबू-चिंचेनेही नको. मुठीत जाणाऱ्या या भागाला नाकागो म्हणतात. तलवार कोणत्या काळातली, कोणत्या घराण्याच्या लोहाराची, हे जाणकार याच गंजाच्या रंगावरून, कानशीच्या खुणांवरून आणि सही कोरलेली असेल तर तिच्यावरून ताडतात. तो चकचकीत केला की पुरावा गेला, किंमतही गेली.

पात्याचं गणित उलटं आहे, तिथे गंज नकोच. मऊ कागद पात्याच्या बोथट पाठीकडून दुमडून धरा आणि मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेने जुनं तेल पुसून घ्या. मग चोजी तेल लावा. नाव लवंगेचं असलं तरी आजकाल ते बहुतेक वेळा खनिज तेलच असतं, लवंग वासापुरती. थर इतका पातळ हवा की थेंब दिसता कामा नये, नाहीतर तेल म्यानाच्या लाकडात मुरतं आणि धूळ धरून बसतं. पात्याला उघडं बोट लावू नका, घामाचा ठसा गंजून तिथेच उमटतो. उचिको, म्हणजे पुरचुंडीतली दगडाची पूड, वारंवार थोपटू नका. तिने बारीक ओरखडे येतात.

मात्र पात्यावर ताजा, लालसर गंज दिसला तर घरगुती प्रयोग नकोत. तेल लावून ठेवा आणि तोगिशीला, म्हणजे जपानी पद्धतीने पाती घासणाऱ्या कारागिराला, दाखवा. बाजारातल्या शोभेच्या स्टेनलेस तलवारीला यातलं काहीच लागत नाही.