सीलर कुठलाही घ्या, बिलावर बॅच नंबर घ्या

डॉक्टर, ऐरोलीतलं नवीन क्लिनिक, हाताशी रूट कॅनालमधल्या फटी बुजवणारा एपॉक्सी रेझिन सीलर आणि डीलर कानीकपाळी ओरडतोय, ‘आता सगळे बायोसेरामिकवर गेले’. जास्त पैसे मोजून तो कॅल्शियम सिलिकेटवाला सीलर घ्यावा का, हा तुमचा प्रश्न. ठाण्यात बसलो तेव्हा माझंही हेच चाललं होतं. मी साधा बीडीएस, एंडोचा, म्हणजे रूट कॅनालचा, एमडीएस नाही. तेवढं गृहीत धरून वाचा.

दाताभोवती रबर डॅम, कॅनाल धुवायला हायपोक्लोराइट वगैरे तुम्हाला येतंच. कॅनाल कोरडा होतोय, मास्टर कोनला (कॅनालमध्ये बसवायच्या गटापर्चाच्या मुख्य काडीला) टग-बॅक आहे, म्हणजे ती ओढताना अडकतेय, तर एपॉक्सीने माझं काही अडलेलं नाही. सेट व्हायला आठेक तास घेतो, घेऊ दे. बायोसेरामिक डेंटिनमधल्याच ओलाव्यावर सेट होतो, म्हणून पेपर पॉइंटने खडखडीत कोरडं करत बसू नका. पण कोन आखूड राहिला आणि खाली नुसता सीलर भरला, तर रीट्रीटमेंटला सॉल्व्हंट उपयोगी पडत नाही, फाइल पुढे सरकत नाही. ते निस्तरायला पुढचा डॉक्टर बसतो.

मला महागात पडला तो सीलर नव्हे, डीलर. नाव घेत नाही. ऐन मे महिन्यात त्याच्याकडून जीपीचा, म्हणजे गटापर्चाच्या कोनचा, डबा आला. मास्टर कोन चिमट्यात धरून जरा वाकवला, तर खडूसारखा मोडला. दुसरा घेतला, तोही तसाच. जीपी जुना झाला, उन्हाउजेडात पडून राहिला की ठिसूळ होतो. सोबतच्या बायोसेरामिकच्या सिरिंजचं तोंडही आतून दगड झालेलं. पेशंट खुर्चीत, तोंडात डॅम! शेवटी तात्पुरतं औषध म्हणून कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून, वर टेम्पररी फिलिंग लावून पाठवलं. डीलर म्हणाला, ‘सील फोडलंत, आता परत नाही.’ अहो, न फोडता कळणार कसं? कंपनीने बॅच नंबर मागितला, तो बिलावर नव्हताच.

पेशंट कळव्याचे, पुढच्या तारखेला आलेच नाहीत. आले ते गाल सुजवून, टेम्पररी गळून गेलेलं. १९९५ मध्ये रे आणि ट्रोप यांनी १०१० दातांचे एक्सरे तपासून वरच्या फिलिंगचा दर्जा किती महत्त्वाचा ते दाखवलं होतं. पुढच्या अभ्यासांत आतलं-वरचं दोन्ही लागतं असं दिसलं, पण आपण सीलरच्या ब्रँडवर तासभर भांडतो आणि क्राउन ‘बघू नंतर’वर सोडतो, हे माझ्या डोक्यात जातं.

तर तुमचा एपॉक्सी संपेपर्यंत वापरा. बायोसेरामिकची एकच सिरिंज मागवा; बिलावर बॅच आणि एक्स्पायरी लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. वापरल्यावर टोपी लगेच लावा, आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर नक्कीच. झिंक ऑक्साइड युजेनॉलवाला सीलर वापरत असाल तर वर कॉम्पोझिट फिलिंग करण्यापूर्वी चेंबर (दाताची आतली पोकळी) नीट पुसून घ्या, युजेनॉल कॉम्पोझिटला सेट होऊ देत नाही. आणि फॉर्मल्डिहाइडवाली पेस्ट कोणी स्वस्तात गळ्यात मारत असेल, तर त्याला दारातूनच वाटेला लावा.