‘ची’ शिकायला निघालेल्यास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

फिजिओथेरपी संपवून अॅक्युपंक्चर शिकायचं ठरवलंस, चांगलं केलंस. ‘‘ची’ म्हणजे आपला प्राणच ना?’ असं चिनी वैद्यकातल्या या जीवनशक्तीबद्दल विचारलं आहेस. माझं ऐकशील तर निदान पहिलं वर्ष प्राण, नाडी, चक्रं बाजूला ठेव. सारखेपणा सापडला की माणूस पुढचं बघायचा थांबतो. चिनी वैद्यकातली प्लीहा पचन सांभाळते, यकृत ‘ची’ मोकळी वाहती ठेवतं. ही शवविच्छेदनातली इंद्रियं नव्हेत, शरीराच्या कामांची ती वाटणी आहे. अॅनाटॉमीत किंवा आयुर्वेदात ती कोंबायला गेलास, तर तेलही जाईल आणि तूपही.

साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, हान राजवटीच्या काळात संकलित झालेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या चिनी वैद्यकाच्या मूळ ग्रंथामध्ये ‘ची’ एकच नाही. ‘वेइ ची’ त्वचेलगत राहून राखण करते. ती ढिली पडली की शिंका, हुडहुडी, अंगदुखी. ‘यिंग ची’ रक्तासोबत फिरून पोषण करते. जन्मासोबत आलेली ‘युआन ची’ मूत्रपिंडांशी जोडलेली. मला यातली वैद्याची शिस्त मोलाची वाटते. तो जिभेवरचा थर बघतो, दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागी नाडी चाचपतो, झोप, घाम, तहान, शौच विचारतो. म्हणून डोकेदुखीच्या दोन रुग्णांना तो वेगवेगळ्या जागी सुया लावू शकतो. एवढा वेळ रुग्णापाशी बसायची सवय तुला लागली, तरी फी वसूल.

पण ‘ची’ मोजणारं यंत्र कुणी दाखवलं, तर चप्पल घालून निघ. मेरिडियन, म्हणजे ‘ची’ वाहण्याचे मानलेले मार्ग, चिरफाडीत सापडत नाहीत, हे रुग्णाला सांगायला लाजू नकोस. प्रत्येक दावा सुटा तपास. मनगटाच्या आतल्या बाजूच्या ‘नेइग्वान’ बिंदूने शस्त्रक्रियेनंतरची मळमळ कमी होते, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. पाठदुखीत मात्र खरी सुई आणि खोटी सुई यांतला फरक बऱ्याच चाचण्यांत किरकोळ निघाला.

औषधी वनस्पतींचंही तसंच. चौथ्या शतकातल्या ग हुंग या चिनी विद्वानाने तापावर छिंगहाव ही वनस्पती गार पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं होतं. त्यावरून चिनी शास्त्रज्ञ तू योयो (Tu Youyou) यांना सुचलं की उकळल्याने गुण जात असावा. त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं, त्यातून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हाती आलं आणि 2015 मध्ये नोबेल मिळालं. यातून यिन-यांग, म्हणजे परस्परपूरक शक्तींचा चिनी सिद्धांत, सिद्ध झाला असं कुणी म्हणालं, तर मान डोलावू नकोस. सिद्ध झाली ती त्या वनस्पतीची करामत. आणि 1990च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत चुकून आलेल्या अॅरिस्टोलोकिया या विषारी वनस्पतीने कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी केली, हेही त्याच वहीत लिहून ठेव.

आपल्याकडे ही विद्या आणणारे कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू हे सोलापूरच्या डॉ. कोटणीसांसोबत 1938 मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी 2015चा स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा पैसे भरण्याआधी संस्थेची मान्यता बघ.

आणि खांद्यावरचा ‘ज्येनजिंग’ बिंदू शिक्षक शेजारी उभे असल्याशिवाय टोचू नकोस. तिथे सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडतं.